महिनाभराच्या मोटारसायकल प्रवासाची तयारी : आपापले अनुभव लिहा

वावरवाट (दारव्हा तालुका)

यंदाच्या कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली आणि रिकाम्या झालेल्या खोलीतली फळी झाडताना मला २०१९ सालची एक वही सापडली. वही मुळात कापसाच्या वजनाची आहे. पुढच्या पानांवर वेचणाऱ्या बायांची नावे आणि त्यांनी वेचलेले किलो लिहिलेले आहेत. ती उलटी धरून शेवटून उघडली, की दारव्हा ते लेह आणि परत अशा ३० दिवसांच्या मोटारसायकल प्रवासाचा हिशेब सुरू होतो. त्याच आठवड्यात भाचा घरी आला. त्यालाही पुढच्या वर्षी मोटारसायकलने महिनाभर फिरायचे आहे आणि त्याच्या मोबाइलमधल्या नकाशावर रोज ५०० किलोमीटरची रेघ ओढून तयार आहे. त्याला मी जमेल तेवढे सांगितले, पण माझा अनुभव एका प्रवासापुरता आहे, म्हणून आपणा सर्वांना विनंती आहे की अशा लांबच्या प्रवासाची तयारी आपण कशी केली, काय चुकले आणि काय कामी आले, ते येथे लिहावे.

माझ्या मते तयारीची सुरुवात गाडीपासून होत नाही, महिन्यापासून होते. आपल्याकडे शेती करणाऱ्याला सलग महिना सापडत नाही, तो काढावा लागतो. जूनमध्ये पेरणी, मग निंदण, डवरणी आणि फवारणी. ऑक्टोबर उजाडला की सोयाबीनची सोंगणी, तिच्या मागोमाग कापसाची वेचणी आणि तूर. मार्चपासून हात मोकळे होतात खरे, पण तेव्हा मनाली-लेह रस्ता बर्फाखाली असतो, आणि तो उघडतो तेव्हा इकडे मृग तोंडावर आलेला असतो. राहता राहिली ती पोळा आणि सोयाबीनची सोंगणी यांमधली फट. त्या वर्षी पोळा ३० ऑगस्टला होता. बैलांची पूजा आटोपून मी आणि माझा मामेभाऊ १ सप्टेंबरला पहाटे निघालो. ही फटही रिकामी नव्हतीच, कारण कपाशीवरची फवारणी तेव्हाच असते. धाकट्या भावाने ती अंगावर घेतली आणि त्या बदल्यात त्या हिवाळ्यात गहू-हरभऱ्याचे रात्रीचे सगळे ओलित मी एकट्याने केले. शेतीपंपाची वीज रात्री येते त्या आठवड्यांत बारा बारा वाजता वावरात जाऊन पाणी फिरवताना मला एकदाही वाईट वाटले नाही. भाच्याला मी हेच विचारले, की तुझा महिना कोण उचलणार आहे आणि त्याची फेड तू कशी करणार आहेस.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. सुधारित मोटार वाहन कायद्याचे वाढीव दंड नेमके १ सप्टेंबर २०१९ पासूनच लागू झाले होते. काही राज्यांनी ते लगेच स्वीकारले नव्हते, पण आमच्या वाटेवर हरियाणा होते आणि तेथे ते सुरू झाले होते. आम्ही गाडीचे नोंदणीपत्र, विमा, प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र आणि परवाना यांच्या मुदती महिनाभर आधीच पाहून घेतल्या होत्या. मामेभावाच्या विम्याची मुदत १९ सप्टेंबरला, म्हणजे ऐन लडाखमध्ये संपत होती. ते घरीच लक्षात आले म्हणून बरे झाले.

आता सर्वांत महत्त्वाचे. वहीत मी ३० रकाने आखले होते आणि त्यांतले ६ मुद्दाम कोरे ठेवले होते. घरी सगळ्यांनी विचारले की हे दिवस कशासाठी, आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आले नव्हते. उत्तर सरचूला मिळाले. मनाली-लेह रस्त्यावरच्या केलाँगहून निघून आम्ही संध्याकाळी सरचूच्या तंबूत मुक्कामाला थांबलो. ती जागा ४,२०० मीटरांहून उंच आहे, आणि एकाच दिवसात हजार मीटरांहून अधिक वर चढून तेथे झोपणे किती चुकीचे आहे हे आम्हाला माहीत नव्हते. रात्री मामेभावाचे डोके असे ठणकू लागले की त्याला दुपट्टा कपाळाभोवती आवळून बांधावा लागला. पाणीसुद्धा पोटात ठरेना. सकाळी तो पुढे जाऊ म्हणत होता, कारण लेह हाकेच्या अंतरावर आल्यासारखे वाटत होते. मी वही काढली, एका कोऱ्या रकान्यावर बोट ठेवले आणि गाड्या मागे वळवल्या. सुमारे ३,२०० मीटरांवरच्या जिस्पापर्यंत उतरलो, तेव्हा दुपारी त्याने वरणभात मागून खाल्ला. तेथे दोन रात्री राहिलो. मधल्या दिवशी तांडीच्या पंपावर परत जाऊन टाक्या पुन्हा काठोकाठ भरल्या, कारण पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी तेव्हा तेथेच लावलेली होती आणि आमचे बरेचसे पेट्रोल सरचूपर्यंतच्या फेरीत खर्च झाले होते. त्याशिवाय पाच पाच लिटरचे डबे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी पाठीमागे बांधलेले होते. कोरे रकाने नसते, तर आम्ही त्याच अवस्थेत पुढे गेलो असतो, आणि तो विचार आजही माझ्या अंगावर काटा आणतो.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडच चालतात, हे मला ठाऊक नव्हते. केलाँगच्या पुढे मोबाइलला रेंज नव्हतीच, आणि लेहमध्ये रेंज असूनही माझा फोन बंदच राहिला. पाचव्या दिवशी मुक्कामाच्या घरमालकाच्या फोनवरून घरी बोललो, तोवर आईने दोन उपास धरले होते.

खर्चाचेही विचारतात म्हणून वहीतले आकडे देतो. माझ्या गाडीने ५,४८० किलोमीटर कापले आणि ११८ लिटर पेट्रोल घेतले. निघण्यापूर्वीचे टायर व चेन धरून माझ्या वाट्याचा खर्च ३६,००० रुपये झाला. तो सगळा तुरीच्या पैशातून केला. पीककर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही, हे वडिलांचे बंधन होते आणि ते मला पूर्ण मान्य होते.


स्पॅनर (परतवाडा)

दादा, आपण लिहिलेले वाचून फार समाधान वाटले. माझे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि चिखलदऱ्याचा घाट जवळ असल्यामुळे लांबून आलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात. त्यांतल्या बहुतेकांची एकच चूक असते, ती म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी केलेली सर्व्हिसिंग. नवीन भाग बसवला की तो बसायला वेळ लागतो. नवी केबल ताणते, नवी चेन सैल होते, ऑइल सीलमधून गळती असेल तर ती दोनतीनशे किलोमीटर चालल्यावरच दिसते. म्हणून सगळे काम निघण्याच्या किमान १५ दिवस आधी करून घ्यावे आणि नंतर पूर्ण सामान बांधून, मागे माणूस बसणार असेल तर त्यालाही बसवून, तीनशे किलोमीटरचा एक फेरा मारावा. जे बिघडायचे आहे ते आपल्या तालुक्यात बिघडू द्यावे.

चेनचा ताण हाताने तपासता आला पाहिजे. गाडी मोठ्या स्टँडवर घ्यावी, दोन्ही चक्रांच्या मधोमध खालची चेन बोटाने वर उचलावी आणि खाली सोडावी; साधारण २५ ते ३० मिलिमीटर खेळ असला की ठीक. मागचे चाक थोडे थोडे फिरवून हे तीनचार ठिकाणी पाहावे, कारण झिजलेली चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागते, आणि तशी लागली तर ती चेन प्रवासाला नेण्याच्या लायकीची राहिलेली नाही असे समजावे. साधारण ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी, तिला तेल द्यावे.

क्लचची जादा केबल डिक्कीत ठेवण्याऐवजी मी जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून, दोन्ही टोके टेपने बांधून ठेवतो. जंगलात केबल तुटली तर टाकी उतरवावी लागत नाही, टोके बदलली की दहा मिनिटांत गाडी चालू होते. पंक्चर काढायचा सराव तर घरीच, अंगणात, घड्याळ लावून करावा. ट्यूबचे टायर रिमपासून सुटत नसेल तर दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरच्या कडेवर टेकवून त्या गाडीचे वजन त्यावर द्यावे, टायर सुटतो. ही युक्ती साधी असली तरी एकदा हाताखालून गेली पाहिजे, कारण रस्त्यावर पहिल्यांदाच करायला गेले की ट्यूबला नवे भोक पडते.

आपण आणि मामेभाऊ एकाच मॉडेलच्या गाड्यांवर होता का? तसे असेल तर एकाच संचाचे सुटे भाग दोघांना पुरतात आणि वजन निम्मे होते.


वावरवाट

होय दादा, दोन्ही गाड्या १२५ सीसीच्या आणि एकाच मॉडेलच्या होत्या. मामेभावाने त्यासाठी आपली मोठी गाडी घरी ठेवून मेहुण्याची गाडी मागून घेतली होती. क्लच केबल, ब्रेक लिव्हर, दोन ट्यूब, स्पार्क प्लग आणि चेनचे लॉक एवढेच सुटे भाग होते. त्यांतला लिव्हर बारालाचा खिंडीच्या अलीकडे उपयोगी पडला. ओढ्याचे पाणी रस्त्यावरून वाहत होते आणि मी दगडावरून घसरून गाडीसकट पाण्यात बसलो. दुपारी बर्फ वितळून अशा ओढ्यांचे पाणी वाढते, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडावेत, हे तेथल्या ट्रकचालकाने मला त्यानंतर सांगितले.


झाडीपट्टी (अर्जुनी मोरगाव तालुका)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचा महिना आधीच ठरलेला असतो, कारण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटी उघडतात. अडचण अशी की सुटी मिळते ती नेमकी आग ओकणाऱ्या उन्हात. मी आणि माझे यजमान यांनी त्यावर असा मार्ग काढला, की हजार मीटरांच्या आसपासची थंड ठिकाणे एकामागून एक जोडायची आणि मधले तापलेले सपाट अंतर पहाटेच कापायचे. त्यानुसार पचमढी, अमरकंटक, मग छत्तीसगडमधले मैनपाट आणि झारखंडमधले नेतरहाट अशी वाट ठरली. एकच १५० सीसीची गाडी होती आणि आम्ही आलटून पालटून चालवत होतो. २९ दिवसांत सुमारे २,४०० किलोमीटर झाले. एवढ्या दिवसांत एवढेच, असे काही जण म्हणाले. मला मात्र अमरकंटकला सात दिवस राहून नर्मदेच्या कुंडापासून कपिलधारेपर्यंत रोज पायी जाता आले, याचे मोल अधिक वाटते.

पहाटे साडेचारला गाडी सुरू व्हायची आणि दहाच्या ठोक्याला थांबायची, मग पुढे काहीही असो. हा नियम एकदाच मोडला. मंडल्याच्या पुढे मुक्काम चाळीस किलोमीटरच राहिला आहे असे म्हणत आम्ही साडेबारापर्यंत चालवत राहिलो. यजमान गाडी चालवत होते आणि मी मागे होते. त्यांनी मला दोनदा एकच प्रश्न विचारला, आणि तिसऱ्यांदा विचारला तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांना घाम येणे थांबले आहे. गाडी झाडाखाली लावायला लावली, दुपट्टा भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला, आणि ते घोट घोट घेऊ लागल्यावर घरून आणलेल्या साखर-मिठाच्या पुडीचे पाणी पाजले. एक लिटर स्वच्छ पाणी, साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, हे प्रमाण मी वर्गात मुलांना दरवर्षी शिकवते. अशा पुड्या मी मोजून बांधून नेल्या होत्या आणि त्या दिवशी त्यांतल्या तीन संपल्या. जवळच्या गावातल्या आरोग्य केंद्रात दाखवून आम्ही तेथेच राहिलो.

बायकांनी प्रवासाची आखणी करताना आणखी एक गोष्ट धरावी आणि ती मोकळेपणाने बोलावी. पाळीच्या तारखा मी आखणीच्या कागदावरच लिहिल्या होत्या आणि ते चार दिवस मुक्कामाचे ठेवले होते. स्वच्छतागृह कोठे मिळेल याची खात्री नसली की आपण पाणी कमी पितो, आणि मेच्या उन्हात तेच जिवावर बेतते. पेट्रोल भरताना आधी स्वच्छतागृहाची चावी मागायची, ते वापरायचे आणि मगच पेट्रोल घ्यायचे, असा माझा शिरस्ता होता.

मैनपाटची एक आठवण लिहिल्याशिवाय राहवत नाही. तेथे तिबेटी लोकांची वसाहत आहे, आणि आमच्या तालुक्यात गोठणगावजवळही तशीच वसाहत आहे. मी गोठणगावच्या बाजूची आहे असे सांगताच एका आजींनी माझा हात धरून घरात नेले, कारण त्यांची बहीण आमच्याकडे दिली होती. त्या बाईंना मी बाजारात अनेकदा पाहिले होते. परत आल्यावर पहिला निरोप त्यांच्याकडेच पोचवला.


मेळघाट परिचारिका (धारणी)

वावरवाट दादा, आपण सरचूहून खाली उतरलात हा निर्णय अगदी योग्य होता. उंचीच्या त्रासात डोकेदुखी आणि मळमळ ही पहिली सूचना असते, ती असताना आणखी वर चढू नये, आणि त्रास वाढत असेल तर खाली उतरणे हाच खरा उपचार आहे. त्यासाठी घ्यायच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. ताई, आपण घाम थांबल्याचे ओळखलेत आणि शुद्धीवर असतानाच पाणी पाजलेत, हेही फार मोलाचे. गोंधळलेल्या किंवा बेशुद्ध माणसाला मात्र तोंडाने काही पाजू नये, आधी अंग थंड करावे आणि दवाखाना गाठावा.

निघण्यापूर्वी धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का ते पाहावे. रक्तदाब किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्या महिन्याला पुरून उरतील इतक्या, दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. कुत्रे चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला नसेल तर ते डोक्यावर असून नसल्यासारखे असते, हे मी रात्रपाळीत पाहिले आहे आणि त्याबद्दल अधिक लिहवत नाही.


काटेपूर्णा (वाशीम जिल्हा)

मुंबईच्या दिशेने जाणाऱ्यांसाठी एक लहानशी सूचना आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, पण मोबाइलचा नकाशा गाडीचा प्रकार मोटारसायकल असा निवडला नाही तर त्याच रस्त्यावर नेतो. मला प्रवेशाच्या ठिकाणाहून परत पाठवण्यात आले आणि मेहकर, सिंदखेड राजा, जालना या जुन्या रस्त्याने जावे लागले, त्यात मुक्कामाचा सगळा हिशेब चुकला. सिंदखेड राजाला जिजाऊंचा वाडा मात्र त्यामुळेच पाहायला मिळाला.


पुसदची आई

मी कोठे गेलेली नाही, माझा मुलगा गेला होता. तरीही लिहावेसे वाटले, कारण घरी राहणाऱ्यांचाही तो महिनाच असतो. तो डिसेंबर २०२२ मध्ये कन्याकुमारीला गेला. नागपूरवरून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग सरळ तेथपर्यंत जातो, आणि रस्ता सरळ असल्याने मला भीती कमी वाटत होती. रात्री नऊच्या आत एक संदेश, असे आमचे ठरले होते. तेराव्या रात्री संदेश आला नाही, चौदाव्या रात्रीही आला नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. तमिळनाडूत त्या दिवसांत परतीचा पाऊस असतो, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तिरुनेलवेलीजवळ तो भिजला आणि त्याचा फोन बंद पडला. पेट्रोलपंपावरच्या माणसाने त्याला स्वतःचा फोन दिला, पण त्याला माझा क्रमांक पाठ नव्हता. घरातल्या एकाचाही क्रमांक पाठ नव्हता. शेवटी फोन दुरुस्त झाल्यावर पंधराव्या दिवशी दुपारी त्याचा आवाज ऐकला.

तो परत आल्यावर मी स्वतः एका पुठ्ठ्यावर आमचे चार क्रमांक, त्याचा रक्तगट आणि विम्याचा क्रमांक लिहून प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला. एक त्याच्या खिशात असतो आणि एक आमच्या देवघरात. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे अपघात संरक्षण असते आणि त्यात वारसाचे नाव लिहावे लागते, हेही मला तेव्हाच समजले. वावरवाट भाऊ, आपल्या आईच्या दोन उपासांचे वाचून माझे डोळे भरून आले. भाच्याला सांगा, की दशम्या आणि जवसाची चटणी सोबत ने, पण निघण्यापूर्वी आईचा क्रमांक पाठ म्हणून दाखव.


मुक्कामी गाडी (सिरोंचा)

मी एसटीचा निवृत्त चालक आहे. तीस वर्षे दुसऱ्यांना त्यांच्या गावी पोचवले, आणि निवृत्तीनंतर ठरवले की आपल्या दारावरून वाहणारी गोदावरी समुद्राला कोठे मिळते ते स्वतः जाऊन पाहायचे. आमच्या गावाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. तेथून भद्राचलम, राजमहेंद्री आणि अंतर्वेदीच्या समुद्रापर्यंत जायचे, मग किनाऱ्याने वर पुरीपर्यंत आणि परतीला जगदलपूरमार्गे बस्तरमधून घरी, असा महिन्याचा बेत होता. पावसाळ्यात आमच्या भागातले रस्ते नद्या अडवतात. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर आला की संपर्कच तुटतो. ऑक्टोबर ते डिसेंबर आंध्रच्या किनाऱ्यावर वादळांचा काळ असतो. म्हणून मी जानेवारी निवडला.

सगळे हवामान पाहिले, पण सण पाहिला नाही. संक्रांत हा आंध्रात सर्वांत मोठा सण आहे आणि त्या आठवड्यात बाहेरगावी असलेला प्रत्येक माणूस आपल्या गावी परततो. गोदावरीच्या खोऱ्यात मला तीन दिवस लॉजवर खोली मिळाली नाही. सिरोंच्याचा असल्याने तेलुगू चांगली येते, म्हणून एका गावातल्या मंदिराच्या पडवीत झोपायला जागा मिळाली आणि सकाळी त्या लोकांनी नव्या तांदळाचा पोंगल वाढला. प्रवास ज्या प्रदेशातून आहे तेथल्या सणांचे पंचांग आधी पाहावे, हे मी त्यानंतर प्रत्येकाला सांगतो.

भाच्याच्या रोजच्या ५०० किलोमीटरबद्दल चालक म्हणून बोलतो. चौपदरी महामार्गावर एक दिवस ते होते, दुसऱ्या दिवशी होते, पण चौथ्या दिवशी डोळे उघडे असून माणूस झोपलेला असतो. आमच्याकडे मुक्कामी गाडी घेऊन गेलेला चालक सकाळी कामावर येण्याआधी झोपला होता का, हे पाहिले जायचे. मोटारसायकलवाल्याला असे पाहणारा कोणी नसतो, म्हणून ते त्याने स्वतःच पाहायचे असते. राज्यरस्त्यांवर अडीचशे, घाटात आणि जंगलात दीडशे, आणि दिवस मावळण्यापूर्वी एक तास मुक्काम गाठलेला, असा माझा नियम आहे. संध्याकाळी जनावरे घरी परततात आणि बिनदिव्याची बैलबंडी रस्त्यावर असते. समोरच्या ट्रकच्या प्रकाशात ती बंडी अजिबात दिसत नाही. तो प्रकाश निघून गेल्यावर ती एकदम पुढ्यात उभी असते.

अंतर्वेदीला पोचलो तेव्हा भरती होती. नदीचे पाणी मागे ढकलले जात होते आणि कोठपर्यंत नदी, कोठून समुद्र, ते रंगावरून ओळखू येत होते. सिरोंच्याहून बाटलीत नेलेले संगमाचे पाणी तेथे सोडले.


पैनगंगा (रिसोड तालुका)

सर्वांचे वाचले. माझा अनुभव न गेलेल्या प्रवासाचा आहे, तो येथे बसतो की नाही हे ठाऊक नाही. नर्मदेच्या दोन्ही काठांनी मोटारसायकलवरून परिक्रमा करायची, असे मी दोन वर्षे ठरवत होतो. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर आहे, चातुर्मासात परिक्रमा थांबते, आणि वाटेत नर्मदा ओलांडायची नसते, त्यामुळे कोणता पूल वापरायचा नाही याचीच यादी मोठी झाली होती. सोयाबीन आणि हरभरा विकून पैसे बाजूला काढले. निघण्याचा दिवस १ एप्रिल २०२० ठरला होता आणि त्याच्या आठवडाभर आधी टाळेबंदी लागली. नंतर वडील आजारी पडले आणि ते पैसे त्यांच्या उपचाराला लागले. तेथे लागले याचे मला समाधानच आहे. वडील आता नाहीत. पुलांची यादी अजून गाडीच्या डिक्कीत आहे, आणि गाडी मी दर महिन्याला धुऊन सुरू करून ठेवतो.


वावरवाट

पैनगंगा भाऊ, आपला अनुभव येथे नक्कीच बसतो. आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले.

भाच्याला मी सगळे वाचून दाखवले. नकाशातली ५०० किलोमीटरची रेघ त्याने स्वतःच पुसली आणि वहीच्या उरलेल्या पानांवर नवे ३० रकाने आखले, त्यांत ७ कोरे आहेत. महिन्याचे मात्र अजून ठरले नाही. माझी बहीण म्हणते की पाडव्याला सालगडी ठरला की मगच बोलू, आणि ते बरोबर आहे. आईचा क्रमांक त्याला पाठ नव्हता, तो आज पाठ झाला.

परतवाड्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण सामान बांधून फेरा मारायचा आहे. पुढच्या रविवारी पहाटे पाचला दारव्ह्याहून निघून कारंजा, वाशीम करत लोणारच्या सरोवरापर्यंत आणि संध्याकाळच्या आत परत, असे ठरले आहे. लोणारला आम्ही साडेनऊच्या सुमारास पोचू आणि दोन तास थांबू. रिसोडहून लोणार जवळ आहे, तेव्हा आपण आपली गाडी आणि ती पुलांची यादी घेऊन यावे. भाच्याला नर्मदेच्या वाटेविषयी विचारायचे आहे आणि त्याच्या वहीत ती पाने अजून कोरीच आहेत.


पैनगंगा

रविवारी साडेनऊला येतो. मागचा टायर जुना झाला आहे, तो शनिवारपर्यंत बदलून घेतो.